पोरांचं आरोग्य: खान्देशातल्या आई-बापांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहान मुलांची डॉक्टर. आधी बरीच वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी ग्रामीण रुग्णालयात होते, आता तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना आहे. ओपीडीत केसपेपर पुढे सरकवता सरकवता लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. काहींचं उत्तर दोन ओळींत संपतं, काहींना पान लागतं. हातून गेलेली पोरं आठवतात तेव्हा आजाराचं नाव मागे पडतं. "कधीपासून असं आहे?" या माझ्या प्रश्नाला आईनं दिलेलं उत्तर तेवढं कानात राहतं. "परवापासून." म्हणून या पानावर औषधांच्या नावांपेक्षा तास आणि दिवस जास्त भेटतील.

लस सरकारी दवाखान्यात घ्यावी की खासगीत?

सरकारीत घ्या. खासगीत बसून हे सांगते म्हणून काही जण चमकतात. पण उपकेंद्रातली सिस्टर जी लस देते ती फुकट आहे म्हणून हलकी नाही. जन्मल्यावर बीसीजी (क्षयाविरुद्धची लस), पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची लस, त्यातली कावीळ ब ची पहिल्या २४ तासांतच. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), पोलिओ आणि रोटाव्हायरस. न्यूमोकोकल दीड आणि साडेतीन महिन्यांना, बूस्टर नवव्या महिन्यात. नऊ महिने भरले की गोवर-रुबेला, आणि तिचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, त्रिगुणीच्या बूस्टरबरोबर. पाचव्या-सहाव्या वर्षी पुन्हा त्रिगुणी, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस.

न्यूमोकोकल लस २०२१ मध्ये देशभर सरकारी यादीत आली. त्याआधी तिच्या एकेका डोसला हजारांत पैसे मोजायला लागायचे आणि ज्याच्या पोराला न्यूमोनियाचा धोका सगळ्यात जास्त, नेमकी त्यालाच ती परवडत नव्हती. टायफॉइड, कांजिण्या, गालगुंड, कावीळ अ यांच्या लसी मात्र अजून खासगीतच आहेत. ऐपत असेल तर जरूर घ्या. पण सरकारी यादीतला एखादा डोस राहिलेला असताना कांजिण्यांची लस आधी घेणं म्हणजे पाया सोडून गच्चीला रंग लावणं.

डोस दिला की ताप येतो. मग द्यायचाच कशाला?

पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, पोर चिडचिड करतं. शरीर लस ओळखू लागल्याची ती खूण आहे. सिस्टरनं दिलेलं पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या, अंगावर पाजत राहा. जागा चोळू नका, शेकू नका, हळद-चुना लावू नका. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, पिकतो, व्रण राहतो. त्याला पिळायचं नाही, मलम लावायचं नाही. डोस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, हे मात्र सगळेच विसरतात, कारण बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो.

गोवर म्हणजे 'देवी आली, आपोआप जाईल' असं अजूनही घराघरांत ऐकते. २०२२ च्या अखेरीला मुंबई, भिवंडीबरोबर आपल्या शेजारच्या मालेगावातही गोवरानं जोर धरला होता. धुळ्याहून मालेगाव किती लांब आहे, हे एसटीनं जाणाऱ्याला सांगायला नको. गोवरानंतर होणारा न्यूमोनिया आणि जुलाब पोराला नेतात, आणि ज्याच्या अंगात आधीच काही नाही त्याला लवकर नेतात.

आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं. लस खराब होत नाही का?

चांगला प्रश्न. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि भुसावळच्या उन्हात ते काम सोपं नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात वेगळा फ्रिज असतो, वीज गेली तरी बराच वेळ थंड राहणारा, आणि गावात लस बर्फाच्या पिशव्या लावलेल्या निळ्या डब्यातून येते. पण खरी गंमत कुपीवरच असते. पोलिओ, पेंटाव्हॅलंटच्या लेबलवर एक गडद गोल छापलेला असतो आणि त्याच्या आत फिकट चौकोन. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका गडद झाला की कुपी फेकायची. "ताई, चौकोन दाखवा" असं तुम्ही म्हणालात तर सिस्टर रागावणार नाही. मी पाहिलेल्या बहुतेक सिस्टर उलट खूश होतात, कुणीतरी विचारलं म्हणून.

बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी पाण्यात मिसळली की चार तासांत संपवावी लागते. म्हणून कधीकधी "आज एकच पोरगं आलं, पुढच्या महिन्यात या" असं सांगितलं जातं. हे चुकीचं आहे. एका मुलासाठीही कुपी उघडायची, असाच नियम आहे. नम्रपणे सांगा आणि उठू नका.

दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो, आखाजीला (अक्षय तृतीयेला) परततो. मधले डोस बुडतात. सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. बीसीजी वर्षाच्या आत आणि गोवर-रुबेला पाच वर्षांच्या आत कधीही देता येते, फक्त उशीर झाला तेवढे दिवस पोर उघडं राहिलं. बारडोलीच्या फडावर असा, सुरतेच्या वीटभट्टीवर असा की पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर, जवळच्या सरकारी केंद्रात लस मिळते. ती सगळीकडे फुकट आहे आणि गावचा पत्ता कुणी विचारून परत पाठवू शकत नाही. निघताना भांडीकुंडी बांधता तसं माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवा आणि जायच्या आधी आशाताईला सांगा, कुठे चाललो ते.

आखाजीच्या सुमाराला माझ्या ओपीडीत वेगळीच गर्दी असते. झोके बांधलेले, माहेरवाशिणी आलेल्या, आणि कडेवर सहा महिन्यांत एक किलोही न वाढलेली पोरं. त्यांचं वजन घेताना आई काट्याकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते.

जुलाब लागले की आधी काय करायचं? सलाइन लावलं की लवकर बरं होतं ना?

"डॉक्टरबाई, पोरले सलाइन लाई द्या." दिवसातून दहा वेळा ऐकते. सलाइनमध्ये मीठ-पाणीच असतं, आणि तेच तोंडानं पाजता येतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखर-सोड्याचं पाणी करून कॉलऱ्याच्या रोग्यांना पाजायला लावलं. मरणारे धडाधड कमी झाले. आजचं ओआरएसचं पाकीट त्याच विचाराचं.

आता करायचं कसं, ते नीट वाचा, कारण चूक इथेच होते. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, सगळंच्या सगळं एकदम. अर्धं पाकीट अर्ध्या तांब्यात असा हिशेब चालत नाही. पावडर सारखी मिसळलेली नसते, एका वेळी मीठच जास्त येईल. घरात लिटरचं माप नसेल तर पाण्याची लिटरची बाटली असतेच. लहान पाकीटही मिळतं, ते २०० मिलीचं असतं. म्हणून पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. पाणी उकळून गार केलेलं. दूध, साखर, रस काही घालायचं नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दोन वर्षांच्या आतल्या पोराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

दुसरी गोष्ट झिंकची गोळी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला (दोन महिन्यांपासून पुढे) १० मिलिग्रॅम, त्यापुढच्यांना २० मिलिग्रॅम, रोज एक वेळ, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदाही दिवस. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब लागायची शक्यता तिनं कमी होते. लोक चौथ्या दिवशी सोडतात. मीही घरी सोडली असती कदाचित, म्हणून मी पट्टीवर पेनानं तारखाच लिहून देते.

अंगावरचं दूध थांबवायचं नाही. भाताची पेज, मुगाच्या खिचडीचं पाणी, ताक, केळ चालतं. जुलाब 'बांधणाऱ्या' मोठ्या माणसांच्या गोळ्या पोराला कधीच नाही. आणि दुकानातल्या खोक्यातल्या गोड रंगीत पेयाला ओआरएस समजू नका. त्यात साखर एवढी असते की जुलाब वाढतात. अशा पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये मनाई केली, ती उगाच नाही.

डोळे खोल गेले, टाळू बसली, पोटाची कातडी चिमटीत धरली आणि ती सावकाश खाली गेली, पोर सुस्त झालं, लघवी सहा तासांत नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरचे उपाय संपले. तेव्हा सलाइन लागतं, आणि ते दवाखान्यातच.

सर्दी-खोकल्याला कोणतं सिरप चांगलं?

पाच वर्षांच्या आत शक्यतो कुठलंच नाही. दोन वर्षांच्या आत तर मुळीच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं मुलांच्या किडन्या गेल्या, मुलं दगावली. त्यानंतर केंद्रानं सगळ्या राज्यांना हीच ताकीद दिली. वर्षावरच्या पोराला झोपताना अर्धा चमचा मध, नाकात मीठ-पाण्याचे थेंब, ऊब. बस.

मग खोकला साधा की न्यूमोनिया, हे घरी कसं कळणार?

घड्याळ काढा. पोर शांत असताना, रडत नसताना, अंगातलं वर करून एक पूर्ण मिनिट पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त आलं तर न्यूमोनिया धरून चाला आणि त्याच दिवशी दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर मोजत बसू नका, निघा.

आपल्याकडे म्हणतात "पोट उडतंय". हे निरीक्षण अगदी बरोबर असतं, फक्त पुढे चुकतं. पोट उडतंय म्हणून पोटावर बिब्बा, तापल्या विळ्याचा डाग. डाग दिलेलं बाळ आलं की न्यूमोनियाबरोबर भाजल्याचाही इलाज करावा लागतो.

भगताकडे (मांत्रिकाकडे) नेलं तर काय बिघडलं?

नेऊ नका असं म्हणून कुणी ऐकत नाही, हे मला कळून चुकलंय. भगत घरचा माणूस, रात्री दोन वाजता दार उघडतो, तिथं रांग नसते आणि कुणी खेकसत नाही. आपल्या दवाखान्यांना यातलं एकही जमत नाही, हे आधी कबूल करू. धागा बांधा, नारळ फोडा, पण गाडी आधी बोलवा. धडगावच्या बाजूचे एक भगतबाबा ताप-धाप असलेलं पोर मंत्र टाकून माझ्याकडेच पाठवायचे, "आता सुईवालीकडे जा" म्हणून. त्यांच्या गावातून पोरं वेळेत यायची.

कमी वजनाचं बाळ झालं. 'पेटीत' ठेवलंच पाहिजे का?

अडीच किलोच्या आतलं ते कमी वजनाचं. त्यातलं प्रत्येक पेटीत जात नाही. दूध ओढत असेल, अंग गरम असेल तर आईची छाती हीच पेटी. बाळ उघडं, फक्त टोपी-मोजे-लंगोट, आईच्या दोन स्तनांमध्ये उभं, कातडीला कातडी, वरून साडी आणि शाल. याला कांगारू पद्धत म्हणतात. बाप, आजीसुद्धा करू शकतात. सुरुवातीला बाप लाजतात. मग रात्री दोन वाजता तेच पोराला छातीवर घेऊन वॉर्डात फेऱ्या मारताना दिसतात.

दूध ओढत नाही, थंड पडलंय, श्वास लागलाय, झटके आले, पिवळेपणा तळपायापर्यंत गेला, बेंबीतून पू येतोय, तर २८ दिवसांच्या आतल्या बाळाला नवजात अतिदक्षता कक्ष, ज्याला सगळे एसएनसीयू म्हणतात, तो हवा. जिल्हा आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तो असतो.

पहिले दोन-तीन दिवस आंघोळ नको, कमी वजनाच्या बाळाला तर आणखी काही दिवस नको. गुटी, मध, साखरपाणी नको. पिवळसर चिकाचं दूध पहिल्या तासात पाजा. आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, ती चहाला नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू खाली आणून दाखवले. २०११ पासून देशभर चाललेल्या घरभेटी त्याच कामातून आल्या. वजन करू द्या, काखेत थर्मामीटर लावू द्या.

अंगणवाडीताई म्हणते पोर 'सॅम'मध्ये आहे, १४ दिवस दवाखान्यात ठेवा. एवढे दिवस कसं शक्य आहे?

सॅम म्हणजे तीव्र कुपोषण. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाला पट्टी लावतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळं, त्यावर हिरवं. उंचीच्या मानानं वजन फारच कमी असेल किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल तरीही सॅम. या सुजेनं माणसं फसतात, पोर गुटगुटीत वाटतं. पावलावर अंगठ्यानं दहा सेकंद दाबा. खड्डा राहिला तर ते बाळसं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत नंदुरबार जिल्ह्यात पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. जळगावकडचे लोक हे वाचून हळहळतात आणि आपल्या वाडीतली पट्टी कधी लावून बघत नाहीत.

पोराला भूक असेल, ताप-जुलाब-सूज नसेल तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात काम भागतं. भूक मेली असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र, म्हणजे एनआरसी. तिथे पहिल्याच दिवशी श्रीखंड-पुरी चारत नाहीत. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर ते कोसळतं. म्हणून आधी एफ-७५ नावाचं पातळ दूध, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. भूक परतली की एफ-१००.

एक बाई होती, अहिराणी बोलणारी, पोरगी दीड वर्षाची. दंड १०.९. तिसऱ्या दिवशी गाठोडं बांधून उभी. "घर तीन पोरं शेतस, कोन देखी त्यास्ले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिस्टरनं वाद घातला नाही, फक्त वाटी-चमचा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, एवढा घास देऊन जा. पोरीनं तोपर्यंत प्रत्येक चमचा ओठांवरून गाळला होता. त्या दिवशी तिनं चमचा दातात धरून ठेवला, सोडेना. बाईनं गाठोडं खाटेखाली सरकवलं. घरच्या तिघांना मावशीकडे पाठवायची सोय आशाताईनं लावली.

आईला तिथे जेवण आणि बुडीत मजुरी मिळते. पैसे उशिरा येतात अशी तक्रार खरी आहे. निघायच्या आधी बँकेचं पासबुक नोंदवलंय ना, ते बघा.

घरी काय चारायचं? महागडी पावडर सांगू नका.

सांगत नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, मे महिन्यातही नाही. त्यानंतर दादरची, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीची भाकर दुधात किंवा वरणात कुस्करून, मुगाची खिचडी वरून चमचाभर तेल टाकून, शेंगदाण्याचा बारीक कूट, उडदाची दाळ, अंडं. आणि केळी. रावेर-यावलची केळी रेल्वेनं दिल्लीला जातात आणि त्याच बागेत कामाला जाणाऱ्या बाईचं पोर बिस्किटाचा पुडा धरून बांधावर बसलेलं असतं. पाच-दहा रुपयांची बिस्किटं आणि कुरकुरीत पाकिटं हा आपल्याकडचा नवा आजार आहे, असं माझं स्पष्ट मत.

वर्षाच्या पोराला मोठ्या माणसाच्या निम्मं जेवण लागतं, दिवसातून चार-पाच वेळा. आदिवासी भागात असाल तर अमृत आहार योजनेत अंगणवाडीत आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळायला हवी. मिळते का, ते विचारा.

लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा एक मिली, जंताची गोळी वर्षातून दोनदा (एक ते दोन वर्षांच्या पोराला अर्धी, चुरून), 'अ' जीवनसत्त्व नवव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत. हे सगळं फुकट.

सिकलसेल म्हणजे काय? आमच्या पोराला सारखे हात-पाय दुखतात.

रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात, म्हणून दुखतं. तान्ह्या बाळात हाता-पायाची बोटं सुजतात ती पहिली खूण असू शकते. हा जन्मजात आजार आहे, शिवल्यानं, जेवल्यानं होत नाही. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा घरांत तो बराच आढळतो, पण इतरांना होत नाही असं नाही. आई-बाप दोघंही वाहक, म्हणजे आजाराचा गुण अंगात बाळगणारे असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. वाहक माणूस धडधाकट असतो, त्याला औषध लागत नाही, फक्त लग्न ठरवताना माहिती लागते.

१ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. आजार निघाला तर फॉलिक अॅसिड, लहानपणी पेनिसिलिन, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सीयुरिया, सगळ्या लसी आणि भरपूर पाणी. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं. शाळेत पाण्याची बाटली वर्गात ठेवू द्या, असं मास्तरांना मी चिठ्ठीवर लिहून देते. ताप, छातीत दुखणं, एकदम पांढरं पडणं किंवा डाव्या बाजूला पोट फुगणं झालं तर त्याच तासाला दवाखाना.

शाळेत डॉक्टर आले, हृदयाला छिद्र सांगितलं. आता लाखो रुपये कुठून आणायचे?

आधी धीर धरा, काही छिद्रं आपोआप बुजतात. ते पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. तो २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा, शाळेतली एकदा तपासतात. जन्मजात व्यंग, दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, ऐकू न येणं, सगळं त्यात येतं. पुढची तपासणी आणि ऑपरेशन या कार्यक्रमातून किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतं; योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारवर मुलाचं नाव चढलंय ना, ते आजच बघा. ऑपरेशन ठरल्यावर तहसीलच्या खेपा घालणारे बाप मी पुष्कळ पाहिलेत.

सरकारी दवाखान्यात बाळाचे पैसे लागतात का?

नाही. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला औषध, तपासणी, रक्त आणि जाण्या-येण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत मोठ्यांनाही उपचार मोफत आहेत. बाहेरून औषध लिहून दिलं तर 'आत नाही' असं केसपेपरवर लिहून मागा.

रात्री पोर बिघडलं तर सरळ जळगाव-धुळ्याला न्यावं की आधी जवळ?

आधी जवळ. पोर पीत नाही, सगळं उलटून टाकतंय, झटके, बेशुद्ध, या चारांत एक जरी असेल तर १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत जवळच्या आरोग्य केंद्रात पोचा. पहिला ऑक्सिजन, पहिलं इंजेक्शन, रक्तातली साखर बघणं तिथे होऊ शकतं आणि पुढच्या दोन तासांचा प्रवास त्यावरच निभतो. सातपुड्यातला चांदसैली किंवा देवगोई घाट पावसाळ्यात दरडीनं बंद असेल तर हे आणखीच खरं. नर्मदाकाठच्या गावांना तर तरंगता दवाखाना पाण्यावरून न्यावा लागला, यावरून रस्त्याची कल्पना यावी.

वाटेत तान्ह्याला छातीशी धरून ठेवा, ओढत असेल तर पाजत राहा. आणि रेफरची चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका. माझ्याकडे एकदा घाटाखालून जीपमधून एक बाळ आलं. वरच्या दवाखान्यात त्याला काहीतरी टोचलं होतं. काय, किती, केव्हा, कुणालाच माहीत नाही. बाळ बर्फासारखं थंड. चिठ्ठी नव्हती, फोन नव्हता. ज्यानं पाठवलं त्याला मी नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, पॅड संपलं होतं. त्या बाळाला गरम करण्यात आमचा पाऊण तास गेला.

आमच्या तालुक्याला मुलांचं मोठं हॉस्पिटल हवं, यासाठी काय करावं?

मोर्चा काढायचाच असेल तर मागणी नीट ठरवा. इमारती आल्यात. धुळ्याला वैद्यकीय महाविद्यालय जुनंच, जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये झालं. मुलांचे डॉक्टर घडायला त्यांचा उपयोग होईलच. पण दहा खाटांच्या जागी पन्नास खाटा झाल्या आणि सिस्टर त्याच दोन राहिल्या, तर पोरांना मिळतं काय? नवजात कक्षात तीन-चार बाळांमागे एक सिस्टर लागते. रात्रपाळीला किती असतात, ते विचारा.

माझी यादी छोटी आहे. ओपीडीच्या दारात एक माणूस हवा, जो रांगेतलं सगळ्यात आजारी पोर शोधून पुढे काढील. तापाच्या चाळीस पोरांच्या मागे उभी असलेली निमूट आई बहुतेकदा मरणासन्न बाळ घेऊन उभी असते, आणि ती भांडत नाही. मग बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र, लहान मुलांच्या मापाचं. चालू असलेला वजनकाटा. प्रत्येक खाटेजवळ हात धुवायला पाणी आणि साबण. आईला झोपायला जागा. पावरी-भिली समजणारं एक माणूस.

आणि वायरिंग. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर सगळीकडे तपासण्या झाल्या, अहवाल झाले. तुमच्या रुग्णालयाच्या अहवालावर पुढे काय झालं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

विचारायची जागा रुग्ण कल्याण समिती आणि गावची आरोग्य-पोषण-स्वच्छता समिती. आरोग्य सेवांवर लोकांनी देखरेख ठेवायचा उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. जनसुनवाईत पाड्यावरच्या बायका उभ्या राहून बोलल्या आणि बंद उपकेंद्रांची कुलपं निघाली. सरकारचा 'मुस्कान' नावाचा दर्जा-उपक्रम २०२१ पासून आहे, मुलांच्या विभागासाठीच. तुमच्या दवाखान्याचं मूल्यांकन झालं का, कुठे गुण गेले, एवढा एक प्रश्न बैठकीत टाका. इतिवृत्तात लिहून घ्या.

पोराला विंचू चावला तर?

घाम फुटणं, सारखी उलटी, हात-पाय गार पडणं दिसलं तर लगेच न्या. प्राझोसिनची गोळी वेळेत दिली तर पोर वाचतं, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी हे जगाला दाखवलं. ती गोळी आरोग्य केंद्रात आहे का, हे पावसाळ्याआधी बघून ठेवा.

लसीकरणाचं कार्ड हरवलं. आता?

उपकेंद्रातल्या रजिस्टरला नोंद असते आणि आता यू-विन या सरकारच्या लसीकरण पोर्टलवर मोबाइल नंबरानंही सापडते. सिस्टरकडून दुसरं कार्ड भरून घ्या. बीसीजीचा व्रण दंडावर बहुतेकदा दिसतो. नवीन कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या, आणि एक पोराच्या मामालाही पाठवा.